पाय ब्रेकवर, गाडी पुढे: दोष कुणाचा?

प्रश्न: मी वरूड तालुक्यातला निवृत्त शिक्षक. जुनी ट्रॅव्हलर मिनीबस घेतली आणि नागपूरच्या एका वर्कशॉपकडून तिची मोटरहोम, म्हणजे आत राहायची सोय असलेली गाडी, करून घेतली. कामाचे साडेसहा लाख दिले. ड्रायव्हरची सीट मागे वळावी म्हणून तिच्याखाली फिरती प्लेट बसवली. त्यामुळे सीट उंच झाली, पाय लोंबायला लागले. मग खाली फळी ठोकून फ्लोअर उचलला आणि रेसचं पेडल कापून, वेल्डिंग करून वर, ब्रेकच्या अगदी शेजारी आणलं. बुटाची कड दोन्ही पेडलांना लागते असं मी व्हॉट्सॲपवर कळवलं, तर मिस्त्रीचं उत्तर, "काही नाही होत जी सर, सवय होऊन जाते." गेल्या महिन्यात बाजाराच्या दिवशी गर्दीत ब्रेक मारला आणि गाडी उसळून एका हातगाडीवर गेली. एका मुलाचा पाय मोडला. पोलिसांनी माझ्यावर गुन्हा नोंदवला, गाडी ठाण्यात उभी आहे. चूक माझी की वर्कशॉपची? भाचा म्हणतो, गाडी सुटली की आधी पेडल सरळ करून घ्या.

उत्तर: गुरुजी, भाच्याचं हे ऐकू नका. गाडी सुटली तरी पेडलाला, फळीला, सीटखालच्या प्लेटला कुणाचा पाना लागू देऊ नका. वर्कशॉपने काय करून ठेवलं हे दाखवणारी तुमच्याकडची सगळ्यात भक्कम गोष्ट ती गाडीच आहे.

कारण असं की अपघातानंतर आरटीओचे मोटार वाहन निरीक्षक गाडी तपासतात आणि अहवाल देतात. त्यात ब्रेक लागतो का, स्टिअरिंग ठीक आहे का, टायर कसे आहेत, हे येतं. तुमचा ब्रेक लागतोच. तेव्हा 'यांत्रिक दोष आढळला नाही' असा शेरा पडण्याची शक्यता मोठी, आणि पुढे तोच शेरा सरकारी वकील तुमच्यासमोर धरणार. ब्रेक बिघडलेला नव्हता, रेसचं पेडल नको तिथे होतं, आणि हा फरक कुणी लेखी मागितल्याशिवाय अहवालात उतरत नाही. म्हणून तपास अधिकाऱ्याला आणि आरटीओला आजच अर्ज द्या: दोन पेडलांमधलं अंतर, त्यांच्या उंचीतला फरक, फळीची जाडी आणि सीटची उंची मोजून नोंदवावी. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. तपासणी आधीच झाली असेल तर पुरवणी तपासणी मागा.

उंचीतला फरक का, तेही सांगतो, कारण तुमच्या स्थानिक वकिलांना हा मुद्दा लागेल. कंपनीच्या गाडीत ब्रेकचं पेडल साधारणपणे रेसच्या पेडलापेक्षा चालकाच्या थोडं जवळ असतं. रेसवरचा पाय उचलूनच ब्रेकवर न्यावा लागतो, आणि चुकून बूट दोन्हींवर पडला तरी आधी ब्रेक दाबला जातो. तुमच्याकडे वेल्डिंग करून दोन्ही एका पातळीला आणले, वर अंतरही कमी केलं. रुंद तळव्याचा बूट असेल तर ब्रेकबरोबर रेसही दबणार. त्यात फिरत्या सीटचा लॉक जरा जरी ढिला असला तर बसल्या जागी कंबर तिरकी होते आणि पाय सवयीने जिथे जातो तिथे पेडल नसतं. त्या दिवशी पायात होते ते बूट धुऊनबिऊन टाकू नका, पिशवीत बांधून ठेवा. तेच बूट घालून, इंजिन बंद ठेवून, टेप लावून फोटो आणि व्हिडिओ घ्या. गाडी ठाण्यात असेपर्यंत त्यासाठी परवानगी लागेल, तीही लेखीच मागा.

आता तुम्हाला आवडणार नाही ती गोष्ट. चूक एकाचीच असते असं कायदा मानत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीत असा बदल करायला नोंदणी प्राधिकाऱ्याची मंजुरी लागते, आणि ती जबाबदारी मालकाच्या नावावर आहे. कंपनीने ठरवलेल्या रचनेपासून गाडी दूर नेता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये के. जयचंद्र प्रकरणात स्पष्ट केलं. मोटरहोमसाठी एआयएस-१२४ हे वेगळं मानक आहे. त्याप्रमाणे पुण्याच्या एआरएआयसारख्या वाहनं तपासणाऱ्या संस्थेकडून मान्यता घेऊन गाडी बांधायची असते. तुमच्या वर्कशॉपने "आरटीओचं आम्ही पाहतो" म्हटलं असणार, सगळेच म्हणतात. कलम १८२अ (४) खाली मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. सीट, फ्लोअर, पेडल हे तीन बदल तर पत्रातच दिसतात.

गुन्हा बहुधा भारतीय न्याय संहितेच्या कलम २८१ आणि १२५ खाली असेल. हाड मोडणं ही कायद्याने गंभीर दुखापत, आणि त्याला तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. दोन्ही जामीनपात्र आहेत, त्या बाबतीत घाबरू नका.

खरी मेख व्हॉट्सॲपमध्ये आहे. पेडल पायात येतं हे तुम्ही मिस्त्रीला कळवलं आणि त्याने ते उडवून लावलं, हा ग्राहक आयोगात वर्कशॉपविरुद्ध तुमचा सर्वात चांगला पुरावा. फौजदारी कोर्टात तोच पुरावा म्हणेल की धोका ठाऊक असूनही मास्तर बाजाराच्या गर्दीत गाडी घेऊन गेले. तो मेसेज पुसायचा विचारही मनात आणू नका, पुरावा नष्ट करणं हा वेगळा गुन्हा आहे. फोन जपून ठेवा. संभाषण कोर्टात द्यायचं झालं तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र जोडावं लागतं. मात्र ते कधी आणि कुठे पुढे करायचं, हे दोन्ही प्रकरणं एकाच वकिलाच्या हातात देऊन ठरवा. दोन वकिलांनी दोन तोंडांनी मांडलं तर अंगलट येईल.

ग्राहक तक्रारीची घाई नाही. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे, तेव्हा दोषारोपपत्र हातात पडू द्या. वर्कशॉप नागपूरचं असलं तरी ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे तुम्ही राहता त्या जिल्ह्यात, म्हणजे अमरावतीच्या जिल्हा आयोगात दाद मागता येते. दिलेली रक्कम ५ ते १० लाखांच्या मधली असल्याने फी २०० रुपये. सदोष सेवेबद्दल पैसे परत आणि भरपाई दोन्ही मागा, आणि गाडीची तज्ज्ञाकडून तपासणी व्हावी असाही अर्ज करा. बिल कच्चं असेल तर बँकेचे व्यवहार काढून ठेवा. अडचण एकच दिसते: ताडोब्याला पर्यटकांना गाडी भाड्याने द्यायचं भाच्याच्या डोक्यात आहे का? कुठे 'बुकिंग सुरू' अशी जाहिरात टाकली असेल तर समोरचा वकील म्हणेल की हे व्यापारी कामासाठी होतं, हे ग्राहकच नाहीत. असं काही असेल तर वकिलाला आधी सांगा, त्याला ते समोरच्याकडून कळायला नको.

मुलाची भरपाई मोटार अपघात न्यायाधिकरणात ठरेल. अपघातापासून सहा महिन्यांत त्याच्या घरच्यांना अर्ज करावा लागतो. गाडीत बदल केला एवढ्यावरून विमा कंपनीला त्या मुलासमोर हात वर करता येत नाहीत. पण तुमच्या आरसी बुकात अजून 'मॅक्सी कॅब', म्हणजे भाड्याची प्रवासी गाडी, असं लिहिलेलं असेल आणि तिचं परमिट नसेल, तर २०१८ च्या अमृतपाल सिंग निकालाप्रमाणे कंपनी आधी पैसे भरेल आणि मग तुमच्याकडून वसूल करेल. तेव्हा आरसी काढून बघा. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचं विसरा, बदल कळवले नसतील तर ते मिळणं कठीण.

मुलाला भेटायला जरूर जा. दवाखान्याचा खर्च द्यायचा असेल तर सरळ दवाखान्यात भरा, पावती ठेवा. 'आपसात मिटलं' असा कागद तलाठ्याच्या किंवा सरपंचाच्या पडवीत बसून करू नका, त्याने ना गुन्हा मिटतो ना दावा.

गाडी सुपूर्तनाम्यावर, म्हणजे ताब्याची हमी लिहून देऊन, सुटली की टोइंग करून घरी आणा, चालवत नाही. वर्कशॉपकडे कापून काढलेलं मूळ पेडल आणि ब्रॅकेटचे तुकडे पडले असतील तर ते लेखी मागा. आता देणार नाहीत, पण मागितल्याची नोंद राहील. पेडल पूर्ववत करायचं ते तज्ज्ञाचा अहवाल आल्यावर आणि कोर्टाला कळवून.