ट्रॅव्हल ट्रेलरखालची सांडपाण्याची टाकी ढिली होऊन लोंबते आहे. घरी दुरुस्त करता येईल का?

तुम्ही लिहिलंय की ट्रॅव्हल ट्रेलर, म्हणजे गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर, जुना घेतलाय, खालचं प्लास्टिकचं अस्तर मधोमध फुगून खाली आलंय, हाताने ढकललं तर आतली टाकी हलते आणि डीलरकडे नंबर लागायला दोन महिने आहेत. लेबर डेच्या (सप्टेंबरचा पहिला सोमवार) सुट्टीत निघायचंय, तोवर पट्ट्या आवळून भागेल का?

पट्ट्या आवळून भागणार नाही. पण दुरुस्ती घरी होते. ओहायोमध्ये घरासमोरच्या ड्राइव्हवेवर मी आमच्या ट्रेलरची केली आहे. मात्र टाकी कशावर टेकली होती आणि तो आधार का सुटला, हे आधी पाहा.

१ गॅलन पाण्याचं वजन ८.३४ पौंड. ४० गॅलनची टाकी भरली की ३३४ पौंड, म्हणजे दीडशे किलो, आणि तेही ट्रेलर उभा असताना. रस्त्यावर आदळआपट झाली की आधारावरचा ताण याच्या कितीतरी पट होतो. एवढं वजन बऱ्याच ट्रेलरमध्ये टाकीच्या कडेच्या प्लास्टिकच्या ओठावर आणि त्याखालच्या दोन पातळ अँगलांवर असतं, आणि ते अँगल चासीला, म्हणजे ट्रेलरच्या लोखंडी सांगाड्याला, निव्वळ सेल्फ-टॅपिंग (स्वतःच आटे पाडणाऱ्या) स्क्रूने धरलेले असतात. पातळ पत्र्यात स्क्रूचे दोन-तीनच आटे धरतात, हादऱ्यांनी तेही जातात. आमच्या ट्रेलरचं अस्तर उघडलं तेव्हा एक अँगल चासीपासून बोटभर सुटला होता, स्क्रूचं भोक घासून लांबट झालं होतं आणि सगळीकडे गंज असताना तेवढाच भाग चकचकीत होता. टॉर्च घेऊन खाली शिराल तेव्हा असं चकचकीत लोखंड शोधा. हालचाल तिथेच होत असते.

त्याच भोकात जाड स्क्रू पिळणं, नळ टांगायची भोकांची पातळ पट्टी टाकीखालून ओढणं, पोकळीत स्प्रे फोम भरणं हे तिन्ही उपाय लोक सर्रास सांगतात. तिन्ही करू नका. स्क्रूचे आटे पुन्हा जातील, पट्टी टाकीच्या कडेत रुतून चीर पाडेल, आणि फोम वजन पेलायला बनलेलाच नाही.

हत्यारं काढण्याआधी ट्रेलरचा व्हीआयएन, म्हणजे १७ अक्षर-अंकांचा ओळख क्रमांक, एनएचटीएसए या अमेरिकेच्या रस्ते-सुरक्षा खात्याच्या साइटवर टाकून पाहा. टाकीचा आधार कमकुवत म्हणून काही मॉडेल परत बोलावली गेली आहेत. तुमचं त्यात असेल तर काम सहसा फुकट होतं, मालक बदलला असला तरी.

आता काम. टाक्या डंप स्टेशनवर (ट्रेलरचं सांडपाणी सोडायची ठरलेली जागा) रिकाम्या करा आणि मैल्याची टाकी पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवा. वास घालवायला त्यात ब्लीच ओतू नका, लघवीतल्या अमोनियाशी मिसळून विषारी वायू तयार होतो. प्रोपेन बंद करा, बॅटरीची तार काढा, दोन्ही बाजूंच्या चाकांना पुढून-मागून पाचर लावा. जॅक आणि जॅक स्टँड चासीच्या मुख्य बीमखाली हवेत, ॲक्सलच्या नळीखाली नाही. कोपऱ्यांतले स्टॅबिलायझर ट्रेलर डुलू नये म्हणून असतात, त्यांच्या भरवशावर खाली शिरू नका.

अस्तर फुगलंय म्हणजे त्यात पाणी साचलेलं असू शकतं, कदाचित सांडपाणीही. हातमोजे, चष्मा घालून बाजूला थांबा, सगळ्यात खालच्या जागी छोटं भोक पाडा आणि खाली बादली धरा. मग अस्तर पूर्ण न काढता तीन बाजूंनी कापून दारासारखं खाली सोडा. आत वायरी, प्रोपेनची नळी, कधी हीटरचा डक्टही असतो, म्हणून पातं जेमतेम आत जाऊ द्या.

टाकी नीट तपासा. ओठाच्या कोपऱ्यात आणि पाइप आत शिरतो तिथे चीर आधी पडते. टाकीवर एबीएस (एक जातीचं कडक प्लास्टिक) असा ठसा असेल तर एबीएस सिमेंट आणि त्याच प्लास्टिकचा तुकडा लावून चीर बुजते. पॉलिएथिलीन असेल तर कुठलाही गोंद टिकत नाही, त्याच जातीच्या कांडीने प्लास्टिक वेल्डिंगच करावं लागतं. ठसा दिसत नसेल तर कोपऱ्यात ॲसिटोनचा थेंब लावा. एबीएस चिकट होतं, पॉलिएथिलीनला काही होत नाही.

टाकी उचलताना घाई नको. जॅकवर प्लायवुडचा मोठा तुकडा ठेवा म्हणजे जोर एका ठिकाणी येणार नाही, आणि थोडं थोडं वर घ्या. दर वेळी दोन जागा बघा: कमोडचा पाइप टाकीत जातो तिथलं रबर आणि टाकीतली हवा बाहेर सोडायला छतापर्यंत जाणारा व्हेंट पाइप. टाकी खाली आली की व्हेंट बऱ्याचदा सांध्यातून निसटतो, ट्रेलरमध्ये वास येतो तो यामुळे. जुळत नसताना जोर लावलात तर चांगला सांधाही फुटेल. सांडपाणी बाहेर सोडणाऱ्या डंप पाइपचा उतार पाणसळ लावून तपासा, फुटाला पाव इंच हवा.

खरा आधार खालून द्यायचा. २ इंची, ३/१६ इंच जाडीचे लोखंडी अँगल आडवे, एका बीमपासून दुसऱ्यापर्यंत. दोनावर चालेल असं वाटेल, पण तीन टाका. अँगलची एक बाजू टाकीला सपाट टेकवा आणि दुसरी खाली उभी ठेवा, म्हणजे अँगल वाकत नाही. मध्ये रबराची पट्टी हवीच, नाहीतर लोखंड प्लास्टिक खाईल. बीमच्या वरच्या-खालच्या आडव्या पट्टीत भोक पाडू नका, सगळा ताण तीच पेलते. अँगल बीमखालून जात असेल तर बीमची कड पकडणारे बीम क्लॅम्प वापरा, भोकाची गरजच पडत नाही. दोन बीमच्या मध्ये बसत असेल तर बीमच्या उभ्या भागात, मधल्या उंचीवर आरपार बोल्ट टाका: ग्रेड ५, रुंद वॉशर, नायलॉनचा लॉकनट. ड्रिल करण्याआधी बीमच्या पलीकडे काय आहे ते हात घालून बघा, गॅसची नळी तिथूनच जात असते. टाकी अँगलवर नुसती टेकू द्या, चेपू नका. चासीला वेल्डिंग करायचा मोह झाला तर तो भाग जाणकार वेल्डरवर सोडा.

अस्तर बंद करण्याआधी टाकी साध्या पाण्याने भरून रात्रभर ठेवा. भरण्याआधी आणि सकाळी, जमिनीपासून अँगलच्या मध्यापर्यंतचं अंतर टेपने मोजा. दोन-तीन मिलिमीटरचा फरक चालतो. त्याहून जास्त असेल किंवा कुठे ओल दिसली तर अस्तर लावू नका. पहिल्या ५० मैलांनंतर थांबून प्रत्येक नटवर पाना लावा. पुढे सांडपाणी भरलेलं घेऊन लांबचा प्रवास टाळा.

बीमला चीर असेल किंवा गंजाने पापुद्रे सुटत असतील तर हे काम घरी करू नका, घरी येऊन ट्रेलर दुरुस्त करणाऱ्या फिरत्या आरव्ही टेक्निशियनला बोलवा. डीलरइतकी त्यांची रांग सहसा नसते. अस्तर उघडल्यावर बीम, टाकीवरचा ठसा आणि पाइपांचे सांधे असे फोटो इथेच टाका, अँगल कुठे बसतील ते मी बघून सांगतो.