206 हाडं पाठ कशी करू? फवारणीचा अभ्यासाशी काय संबंध? वाचकांचे प्रश्न

नर्सिंग, फार्मसी, डीएमएलटी (लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा), कोणत्याही कोर्सचं पहिलं वर्ष सुरू झालं की ॲनाटॉमी-फिजिऑलॉजीबद्दल (शरीराची रचना आणि त्याचं काम) विचारणा सुरू होते, यंदाही झाली. बरेच प्रश्न सारखेच होते म्हणून त्यातले पाच घेतलेत. दोन प्रश्न आईबापांचे आहेत, ते मुद्दाम घेतले, कारण पोरगी शिकते तेव्हा अख्खं घर तिच्यासोबत काळजी करत असतं.

प्रश्न: मॅडम, माझी बारावी आर्ट्सची, मराठी मिडियम. आता जीएनएमला (नर्सिंगचा डिप्लोमा) लागली. पहिल्याच महिन्यात 206 हाडं आली, सगळी नावं इंग्रजीत. रात्री पाठ केलं की सकाळी सगळं गायब. सायन्सच्या मुलींना जमते, मले नाही जमत. घरचे म्हणतात वापस ये. काय करू?
*एक विद्यार्थिनी, आरमोरी तालुका, जि. गडचिरोली*

वापस जाऊ नको बेटा. आधी त्या आकड्याची भीती काढून टाकू. मनगटापासून खाली एका हातात 27 हाडं, घोट्यापासून खाली एका पायात 26. दोन्ही हात दोन्ही पाय मिळून झाली 106, म्हणजे निम्म्याहून जास्त हाडं नुसती पंजे आणि पावलांतच गेली, आणि उजवीकडे जे आहे तेच डावीकडे. त्यातही बोटांची हाडं नंबरानं ओळखायची असतात, प्रत्येकाला वेगळं नाव नाही. नावानिशी पाठ करायची ती मनगटातली 8 आणि घोट्याकडची 7. दंडात एक, कोपराखाली दोन, मांडीत एक, गुडघ्याची वाटी, खाली पुन्हा दोन. असं मोजत गेलीस तर लक्षात येईल की खरं पाठांतर फार थोडं आहे.

दुसरं म्हणजे पुस्तक समोर ठेवून पाठ करूच नको, स्वतःच्या अंगावर पाठ कर. गळ्याखाली हात फिरव, आडवं लागतं ते क्लॅव्हिकल. कोपर टेकवतेस ते टोक अल्नाचं (कोपराखालच्या दोन हाडांतलं एक), त्या टोकाचं नाव ओलेक्रेनॉन. नडगीवर समोर कातडीखाली लगेच हाड लागतं ते टिबिया, म्हणून तिथं मार लागला की एवढं ठणकतं, मधे मांसच नाही. कमरेवर हात ठेवून उभी राहतेस तेव्हा हाताखाली जी कड लागते ती इलियाक क्रेस्ट. एकदा बोटानं शोधलेलं हाड सहसा विसरत नाही. काही ठिकाणी सांगाडा कपाटात कुलूप लावून ठेवतात, पोरींना परीक्षेच्या आठवड्यात दाखवतात, हे मला अजिबात पटत नाही. तुमच्याकडे तसं असेल तर चारपाच जणी मिळून मॅडमकडे जा आणि मागा, तो तुमच्यासाठीच आणलेला आहे.

आणि हे कशाला शिकायचं ते कुणी सांगितलं नसेल तर मी सांगते. उद्या तू पीएचसीत (प्राथमिक आरोग्य केंद्रात) कुणाच्या कुल्ल्यात इंजेक्शन देशील. तिथून सायॅटिक नर्व्ह जाते, शरीरातली सगळ्यात जाड नस (मज्जातंतू, रक्ताची शीर नव्हे). सुई चुकीच्या जागी गेली तर पाऊल लुळं पडू शकतं, माणूस पाय घासत चालतो. ती नस कुठून जाते ते बाहेरून दिसत नाही, मग योग्य जागा शोधायची ती हाडांवरूनच, इलियाक क्रेस्ट, समोरचं अँटेरिअर सुपिरिअर इलियाक स्पाइन, बाजूचं ग्रेटर ट्रोकँटर (मांडीच्या हाडाचा वरचा उंचवटा). लहान लेकराला लस मांडीच्या पुढच्या-बाहेरच्या बाजूला देतात तेही याच कारणानं, तिथं मांस बऱ्यापैकी असतं आणि मोठी नस वाटेत नसते. हाडांची नावं म्हणजे पेशंटच्या अंगावरच्या खुणा आहेत, असं समजून वाच, मग बघ कशी लक्षात राहतात.

आर्ट्स-सायन्सचं म्हणशील तर सायन्सच्या मुलींनी ही नावं आधी ऐकलेली असतात एवढाच फरक. काम मराठीत समजून घे, तोंडानं मैत्रिणीला सांग, आणि मग त्यावर इंग्रजी नाव चढव. उलट करू नको.

प्रश्न: मी बी.फार्मच्या पहिल्या वर्षाला आहे. सिम्पथेटिक आणि पॅरासिम्पथेटिक (शरीराची आपोआप चालणारी कामं सांभाळणाऱ्या नसांचे दोन गट) यात नेहमी गोंधळ होतो, कोण काय वाढवतं कोण काय कमी करतं, तक्ता पाठ केला तरी पेपरात उलटं लिहून येतो. सोपी ट्रिक सांगा.
*एक विद्यार्थी, वणी, जि. यवतमाळ*

ट्रिक नाही सांगणार दादा. तू यवतमाळ जिल्ह्याचा आहेस, तुला हा धडा तक्त्यातून शिकायची गरजच नाही. 2017 च्या खरिपात तुमच्याच जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन 20 च्या वर शेतकरी-शेतमजूर गेले, शेकडो लोक दवाखान्यात भरती झाले. तेव्हा तू लहान असशील, पण घरी विचार, सगळ्यांना आठवतं. फवारणीत बरीच औषधं असतात आणि सगळ्यांचं काम सारखं नाही, पण मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस ही ऑर्गॅनोफॉस्फरस जातीची औषधं शरीरात नेमकं काय करतात ते समजलं की तुझा हा अख्खा चॅप्टर झाला.

पॅरासिम्पथेटिकच्या नसांच्या टोकाला ॲसिटाइलकोलिन नावाचं रसायन सुटतं, ते समोरच्या अवयवाला निरोप देतं आणि निरोप देऊन झाला की ॲसिटाइलकोलिनएस्टरेज नावाचं एन्झाइम त्याला तिथल्या तिथे तोडून टाकतं, हे सगळं सेकंदाच्या बारक्या हिश्शात. ऑर्गॅनोफॉस्फरस त्या एन्झाइमलाच जाम करतं. मग ॲसिटाइलकोलिन साचत जातं आणि पॅरासिम्पथेटिकचं काम थांबायचं नावच घेत नाही. आता पेशंट डोळ्यासमोर आण. तोंडातून लाळ गळते, डोळ्यातून पाणी, उलटी, जुलाब, लघवी आवरत नाही, छातीत कफ भरून घरघर वाजते, श्वासनळ्या आवळतात, डोळ्याच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या बारीक होतात, नाडी मंद होऊ शकते. हा झाला तुझा पॅरासिम्पथेटिकचा पूर्ण कॉलम. शांतपणे बसून जेवलेल्या माणसात हेच सगळं बेतानं चालू असतं, लाळ सुटते, आतडी हलतात, हृदय सावकाश चालतं. हृदयाचा सायनस नोड (ठोका जिथून सुरू होतो ती जागा) एकटा सोडला तर मिनिटाला 100 च्या आसपास ठोके देतो, पॅरासिम्पथेटिकची व्हेगस नर्व्ह त्याला लगाम घालून 70-72 वर आणते.

सिम्पथेटिक याच्या उलट. रात्री पाणी द्यायला वावरात गेलास आणि पायाशी साप दिसला, तर बाहुल्या मोठ्या, तोंड कोरडं, छाती धडधड, श्वासनळ्या मोकळ्या, पोटाचं काम बंद.

आता औषधाकडे ये, तू फार्मसीचा आहेस. दवाखान्यात ॲट्रोपिन देतात. रिसेप्टर म्हणजे अवयवावर निरोप घेणारी जागा, त्यातल्या मस्कॅरिनिक जातीच्या रिसेप्टरवर ते ॲसिटाइलकोलिनची जागा अडवतं, म्हणून छातीतला कफ आटतो, श्वास मोकळा होतो, नाडी वाढते. पण या पेशंटचे स्नायूही फडफडतात आणि नंतर लुळे पडतात, श्वासाचे स्नायूसुद्धा, कारण स्नायूंवरही ॲसिटाइलकोलिनच काम करतं, फक्त तिथले रिसेप्टर निकोटिनिक आहेत. तिथं ॲट्रोपिनचं काही चालत नाही. म्हणून प्रॅलिडॉक्सिम देतात जे त्या जाम झालेल्या एन्झाइमला मोकळं करतं, पण त्याला उशीर होऊन चालत नाही, आणि गरज पडली तर व्हेंटिलेटर लागतो. एक गोष्ट पेपरात हमखास फसवते, घाम. घामाच्या ग्रंथींना जाणारी नस सिम्पथेटिक आहे पण तिच्या टोकाला सुटतं ॲसिटाइलकोलिन, म्हणून हा पेशंट घामानंही ओलाचिंब असतो.

आणि अभ्यासाबाहेरचं पण मला याहून महत्त्वाचं वाटतं ते सांगते. हे विष नुसतं पोटातून जात नाही, कातडीतून आणि श्वासातूनही जातं. घरी कुणी फवारत असेल तर अंगावर पंप गळत असताना, उघड्या अंगानं, वाऱ्याच्या विरुद्ध तोंड करून फवारू देऊ नको. कुणाला मळमळ, गरगर, डोळ्यांपुढे अंधुक असं झालं तर आधी कपडे काढायचे, साबण लावून भरपूर पाण्यानं अंग धुवायचं, धुणाऱ्यानं स्वतःच्या हाताला मोजे किंवा पन्नी बांधायची, आणि औषधाचा डबा सोबत घेऊन थेट दवाखाना गाठायचा. उलटी काढायला मीठपाणी पाजायचं नाही. तू फार्मसीचा पोरगा आहेस, गावात तुझं ऐकतील.

प्रश्न: माझी मुलगी नर्सिंगला आहे. तिला मेडिकल कॉलेजात मुडदे पाहायला नेणार आहेत म्हणे. ती घाबरली आहे आणि मलाही बरं वाटत नाही. हे गरजेचं आहे काय जी?
*एक वडील, मेहकर, जि. बुलडाणा*

भाऊ, गरजेचं आहे. नर्सिंगच्या मुलींना सहसा स्वतः चिरफाड करावी लागत नाही, आधीच उघडून ठेवलेले अवयव दाखवतात, फुप्फुस, हृदय, किडनी. पुस्तकातल्या चित्रात धमनी लाल आणि शीर निळी असते, प्रत्यक्षात तसा रंग नसतो, हे बघितल्याशिवाय कळत नाही. तिला सांगा की रिकाम्या पोटी जायचं नाही, देह टिकवायला वापरतात त्या फॉर्मालिननं डोळे चुरचुरतात त्याला घाबरायचं नाही, चक्कर वाटली तर खाली बसायचं आणि मॅडमला सांगायचं. ती देहं कुणीतरी मरणाआधी इच्छेनं दिलेली असतात किंवा बेवारस म्हणून कायद्यानं आलेली असतात, आपल्या राज्यात 1949 पासून ॲनाटॉमीचा कायदा आहे. 1836 मध्ये कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजात पंडित मधुसूदन गुप्तांनी शवविच्छेदन केलं तेव्हा समाजाचा केवढा विरोध होता. तुमच्या मुलीनं त्या देहाला मनातून नमस्कार करावा आणि मग डोळे उघडे ठेवून शिकावं.

प्रश्न: शरीरात रक्त 5 लिटर, आणि पुस्तकात लिहिलंय हृदय मिनिटाला 5 लिटर फेकते. हे कसं काय, मग बाकीचं रक्त कुठून येते?
*डीएमएलटीचा विद्यार्थी, मोर्शी, जि. अमरावती*

बाकीचं नाहीच, तेच रक्त आहे. एका ठोक्याला साधारण 70 मिली, मिनिटाला 70 ठोके, झाले 4900. म्हणजे आराम करताना अख्खं रक्त जवळपास मिनिटाला एकदा फिरून येतं. विल्यम हार्वे या इंग्रज डॉक्टरनं 1628 मध्ये हाच हिशोब मांडला होता, हृदय अर्ध्या तासात एवढं रक्त फेकतं की तेवढं शरीरात मावतच नाही आणि खाल्लेल्या अन्नातून तेवढं नवीन तयार होणं शक्य नाही, मग ते फिरूनच येत असणार. त्यानं दाखवलेला प्रयोग तूही कर. दंडाला रुमाल बांध, फार आवळू नको, हाताच्या शिरा फुगतील. एका शिरेवर मनगटाकडे एक बोट दाबून धर आणि दुसऱ्या बोटानं तिथून रक्त वर कोपराकडे सरकवत ने, मधे एखादी गाठ दिसेल तिच्या पुढपर्यंत. वरचं बोट काढ, शीर रिकामीच राहते, कारण ती गाठ म्हणजे झडप, ती रक्त मागे येऊ देत नाही. आता खालचं बोट काढ, लगेच भरते. मिनिटभरात बघून झालं की रुमाल सोड.

प्रश्न: मुलीच्या कॉलेजात रक्ताची तपासणी झाली, तिचा सिकलसेलचा रिपोर्ट एएस आला. ती नर्स होऊ शकते ना? नाइट ड्यूटी झेपेल ना? लग्नाचं कसं होईल?
*एक आई, मूल तालुका, जि. चंद्रपूर*

ताई, एएस म्हणजे एक जनुक चांगलं (ए) आणि एक सिकलसेलचं (एस), म्हणजे तुमची मुलगी वाहक आहे, आजारी नाही. आजार असतो तो एसएस. ती नर्स होईल, नाइटही करेल, फक्त तुमच्या चंद्रपूरच्या उन्हाळ्यात पाणी भरपूर प्यायचं आणि ताकदीबाहेरची मेहनत तहानेल्या अंगानं करायची नाही.

आपल्या पूर्व विदर्भात हा आजार खूप घरांत आहे, म्हणून थोडं नीट सांगते, मुलीलाही वाचायला द्या, तिच्या अभ्यासातच आहे. रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटॅमिक ॲसिड असतं, सिकलसेलमध्ये तिथं व्हॅलिन येतं. एवढासाच बदल, पण ऑक्सिजन कमी झाला की असं हिमोग्लोबिन एकमेकाला चिकटून दोऱ्यासारखं होतं आणि गोल लाल पेशी विळ्यासारखी वाकते, बारीक रक्तवाहिन्यांत अडकते. एसएसच्या लेकराची हाडं दुखतात, हातपाय सुजतात, ते यानेच. चांगली लाल पेशी 120 दिवस जगते, एसएसची 10 ते 20 दिवसांत फुटते, म्हणून रक्त नेहमी कमी आणि डोळे पिवळसर. तुमच्या मुलीच्या प्रत्येक पेशीत चांगलं हिमोग्लोबिनही पुरेसं आहे, म्हणून तिला हे होत नाही. उलट वाहकांना फाल्सिपेरम मलेरियाच्या (मलेरियाचा धोकादायक प्रकार) गंभीर आजारापासून बरंच संरक्षण मिळतं, आणि जिथं जंगल नि मलेरिया होता तिथं हा गुण पिढ्यान्पिढ्या टिकून राहिला तो त्यामुळेच.

हे करणी, नजर, मागच्या जन्माचं असं काही नाही, आणि दोष एकट्या आईचाही नाही. कुणी तसं म्हणालं तर गप्प बसू नका.

लग्नाचं म्हणाल तर कुंडली बघा न बघा, मुलाचा सिकलसेलचा रिपोर्ट आधी मागा. तो एए असेल तर काहीच अडचण नाही, लेकरू एए किंवा एएस होईल. तोही एएस निघाला तर प्रत्येक गरोदरपणात एसएस बाळाची शक्यता 25 टक्के, आणि हे प्रत्येक वेळी नव्यानं, पहिलं लेकरू चांगलं झालं म्हणून दुसऱ्याची शक्यता कमी होत नाही. सोल्युबिलिटीची साधी टेस्ट एएस आहे की एसएस ते सांगत नाही, त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी लागते, तेव्हा रिपोर्टवर कोणती टेस्ट लिहिली आहे ते मुलीलाच वाचायला सांगा. 2023 पासून केंद्राचं सिकलसेल अभियान सुरू आहे, तपासणीबद्दल तुमच्या आशाताईला किंवा पीएचसीत विचारा. तुमचे आणि मुलीच्या भावाबहिणींचे रिपोर्टही याच फेरीत करून घ्या, तिला एस आईकडून किंवा बापाकडून आलेला आहे, तेव्हा धाकट्यांतही असू शकतो.