सुनेचा मोबाइल काढून घ्यावा का?

"म्याडम, शिकलेली सून केली, मोबाइल घेऊन दिला, आन् हे असं झालं. आता काढून घ्यावा का न्हाई, तेवढं सांगा."

परभणी जिल्ह्यातल्या एका आडत दुकानदाराचा हा प्रश्न. सुनेच्या जागी लेक घाला, मराठवाड्यातल्या कितीतरी घरांतून तो माझ्याकडे येतो. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.)

सून बीएस्सी कॉम्प्युटर. नोकरी करणार, हे तिनं लग्न ठरतानाच सांगितलं होतं. सासरचे म्हणाले, कर, पण घरी बसून. व्हॉट्सअ‍ॅपवर डेटा एंट्रीचं काम दिसलं, १,५०० रुपये 'रजिस्ट्रेशन' भरून तिनं ते घेतलं. रात्री भांडी आवरली की पानांचे पुसट फोटो बघत टाइप करत बसायची. आठवड्याने निरोप आला: चुका फार, करार मोडलात, ६,८०० भरा. सोबत वकिलाची नोटीस.

ती नोटीस मी तिच्या फोनवर पाहिली. वर तराजूचं चित्र, खाली तिरका शिक्का, तालुक्याचं नावही चुकलेलं. संध्याकाळी पाचच्या आत पैसे नाही आले तर अटक. आणि पैसे कुठे भरायचे? कुणा तिसऱ्याच माणसाच्या यूपीआयवर! तिनं माहेरहून मिळालेल्या पैशांतून भरले. पुन्हा मागणी आली तेव्हा तिचं जेवण सुटलं आणि घरात कळलं.

असल्या कराराचा वाद फार तर दिवाणी. टायपिंगच्या चुकांसाठी पोलीस कुणाला उचलत नाहीत. काम देण्याआधी पैसे मागणारा तर ठगच समजावा. फसवणूक झाली की लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर फोन करावा. पैसे पुढे सरकायच्या आत खात्यातच अडवता येण्याची शक्यता असते. हिनं फोन केला, पण उशिरा. पैसे परत आलेले नाहीत.

उशीर का झाला? तिला शंका आधीच आली होती. पण घरात सांगितलं असतं तर मोबाइलही गेला असता आणि कामही. ठगांना हीच भीती उपयोगी पडली. आता मोबाइल काढून घेतलात, तर पुढच्या वेळी ती सांगणारच नाही, असं मी सासऱ्यांना म्हणाले.

धाकट्या मुलानं ऑनलाइन गेममध्ये याच्या कितीतरी पट घालवले, हे सासूबाईंच्या तोंडूनच निघालं.

"त्याचा मोबाइल काढला?"

"तो पोरगा हाय," सासरे चटकन म्हणाले.

मग बराच वेळ आम्ही त्यावरच बोललो. घरातलं काम सुरक्षित आणि बाहेरचं धोक्याचं, हा हिशेब इथे उलटा पडला होता. ऑफिसात निदान शेजारी विचारायला कुणी असतं. दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथे कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यानं अंतर्गत समिती नेमावीच लागते, अशा छळाची तक्रार करायला बाईला जागा असते. घरी एकटीनं फोनवर काम करणाऱ्या सुनेनं कुणाकडे जायचं?

आता ती एका संगणक वर्गात शिकवायला जाते. एसटीत बायकांना २०२३ पासून अर्धं तिकीट आहे, तो हिशेब सासऱ्यांनी स्वतःच काढला. सकाळच्या भाकरी मात्र अजून तिच्याच गळ्यात, आणि पगार नवऱ्याच्या खात्यात यावा असं सासूबाईंचं म्हणणं आहे. पुढच्या बैठकीला मी नवऱ्यालाही बोलावलंय.