सलाईन संपत आली की सांगा

तुझा प्रश्न दोनदा वाचला. "ताई, सहा वर्षं आयसीयूत सिस्टर आहे. इंग्लंडला आले तर मला नक्की काय काय करू देतील? आणि हाताखाली माणसं असतात म्हणे, ती काय करतात? एकटं वाटतं का?" आयईएलटीएस, परीक्षा, व्हिसा हे सगळं एनएमसीच्या (इथली नर्सिंग कौन्सिल) आणि सरकारच्या साईटवर आहे, ते तिथेच वाच, कारण ते सारखं बदलतं. मला कुणी सांगितलं नव्हतं ते सांगते.

आधी हातातून काय जातं ते. तू रोज आठ-दहा व्हेनफ्लॉन, सलाईनसाठी शिरेत लावायच्या सुया, लावत असशील. इथे पिन, म्हणजे एनएमसीचा नोंदणी क्रमांक, मिळाला तरी त्या हॉस्पिटलचं ट्रेनिंग होऊन, कुणीतरी समोर उभं राहून तुझं काम बघून सही करेपर्यंत सुईला हात लावायचा नाही. शिरेतून औषध देण्याचंही तसंच. माझ्या दुसऱ्याच महिन्यात एका बाईंची शीर सापडेना. ज्युनियर डॉक्टरने दोनदा टोचलं, त्या कळवळल्या, आणि मी म्हटलं द्या इकडे. पहिल्या खेपेला लागली. डॉक्टरने आभार मानले आणि दुपारी मॅनेजरने आत बोलावलं. येतं की नाही हा प्रश्नच नव्हता. इथे तुझी सही झालेली नाही, काही बिघडलं असतं तर तुझ्या रजिस्ट्रेशनवर आलं असतं, असं ती शांतपणे म्हणाली. ती बरोबर होती. पण आठ वर्षांचा हात असून त्या दिवशी विद्यार्थिनीसारखी उभी होते, ते अजून विसरता येत नाही.

कागदांचं एकच सांगते. नाव आत्ताच बघून घे. माझी नर्सिंग कौन्सिलची नोंदणी माहेरच्या नावाने, म्हणजे मधलं नाव वडिलांचं. पासपोर्टवर मधलं नाव नवऱ्याचं, आडनाव सासरचं. एकच बाई, पण कागदावर दोन. कॉलेजने ट्रान्सक्रिप्ट तिसऱ्याच स्पेलिंगने दिलं. ते दुरुस्त करायला क्लार्कने चार फेऱ्या मारायला लावल्या, प्रत्येक फेरी नाईट उतरून एसटीने. राजपत्रात नाव छापून घेतलं, प्रतिज्ञापत्र केलं, तरी पाच महिने गेले. त्या पाच महिन्यांत मुलगा तीन वर्षांचा झाला आणि मी त्याच्या वाढदिवसाला लॅमिनेशनच्या दुकानात होते.

आता तुझा खरा प्रश्न. हाताखाली असतात त्या हेल्थकेअर असिस्टंट, आम्ही एचसीए म्हणतो. अंघोळ, कूस बदलणं, भरवणं, बीपी-टेम्परेचर, शुगर. त्यांच्या आणि आपल्या मधे नर्सिंग असोसिएट, त्यांचीही २०१९ पासून एनएमसीकडे नोंदणी होते. ऐकायला छान वाटतं. आपल्याकडे वॉर्डात मावशी आणि मामा असतात, त्यांना काम सांगतो, तसंच असेल असं मला वाटलं होतं. तसं नाही.

नर्सिंग शिकताना केस स्टडीच्या वहीत असायचे ते पाच रकाने आठवतात? असेसमेंट, डायग्नोसिस, प्लॅनिंग, इम्प्लिमेंटेशन, इव्हॅल्युएशन. आपण ते परीक्षेच्या आदल्या रात्री भरले, कारण चाळीस पेशंटना दोन सिस्टर असताना रकाने कोण भरणार? इथे त्यातला एकच रकाना दुसऱ्याला देता येतो, करण्याचा. बघून ठरवणं तुझं आणि झालेलं तपासणंही तुझं. एनएमसीच्या कोडमधला ११ वा मुद्दा हाच आहे: समोरच्याच्या कुवतीतलं असेल तेच काम द्या, देखरेख ठेवा, आणि दिलेलं काम नीट झालं याची खात्री करा. परीक्षेसाठी मी तो पाठ केला होता.

पहिल्या हिवाळ्यातली नाईट. सहा खाटांचा बे, कोपऱ्यात खुब्याचं ऑपरेशन झालेले एक आजोबा. एचसीए वीस वर्षं त्याच वॉर्डात, माझ्या आईच्या वयाची, मला बिस्किटं आणून देणारी. दोन वाजताची ऑब्झर्व्हेशन्स तिने केली. पल्स १०४, ताप ३८.२, श्वास १८. इथे न्यूज-टू नावाचा स्कोअर असतो, पेशंट किती बिघडतोय ते सांगणारा. पल्सचा एक, तापाचा एक, श्वासाला शून्य. बेरीज दोन. दोन म्हणजे चार ते सहा तासांनी पुन्हा बघा. मी चार्टवर नजर टाकली आणि औषधांच्या ट्रॉलीकडे वळले.

साडेचारला त्यांच्या पायाशी उभी राहिले तेव्हा पांघरूण फार भराभर हलताना दिसलं. घड्याळ लावून पूर्ण मिनिट मोजलं. २८. श्वासाचेच तीन, बेरीज पाच, म्हणजे डॉक्टरला ताबडतोब बोलवा. न्यूमोनिया होता. आजोबा वाचले, दहा दिवसांनी वॉर्डात परत आले.

तिने श्वास मोजलेच नव्हते. सहाही चार्टवर १८ होतं, आणि ते माझ्या डोळ्यांना दिसलं होतं, हे मी तुला खरं सांगते. दिसूनही मी बोलले नाही. आईच्या वयाच्या बाईला "पुन्हा मोजा" म्हणायला जीभ रेटली नाही. चौकशीत मला विचारलं, काम तू दिलंस, मग तपासलंस का? त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. इथे येण्याआधी शिकायचं असेल तर हे एक वाक्य शिकून ये: मोठ्या माणसाला, गोड आवाजात, न लाजता, "माझ्यासमोर एकदा मोजाल का?" मला ते जमायला दोन वर्षं लागली.

मुलाचं विचारलं नाहीस, तुला अजून मूल नाही, तरी सांगते. माझा मुलगा इथे आला तेव्हा सहा वर्षांचा, सीनियर केजी झालेला. इथे वर्ग वयावरून ठरतो, त्याला थेट इयर टूत बसवलं आणि वाचनासाठी लहान मुलांच्या गटात पाठवलं. त्याच्या बाईंनी मला बोलावून सांगितलं, घरी फक्त इंग्रजी बोला. मी नाईट करून गेले होते, मान डोलावली. घरी येऊन तसं केलंही. हे चुकलं. वर्षभरात तो वर्गाच्या पुढे गेला, आणि आजोबांचा फोन आला की माझ्याकडे बघायला लागला, मी सांगेन काय बोलायचं म्हणून.

एकटेपणाचं काय, हिवाळ्यात चार वाजता अंधार पडतो, पहिली दोन वर्षं जड जातात, मग सवय होते. त्यावर जास्त लिहीत नाही.

पण गेल्या पावसाळ्यातलं एक लिहिते. बाबांना सांगलीला ॲडमिट केलं होतं. रात्री भावाने व्हिडिओ कॉल केला. मी म्हटलं, सलाईनकडे धर फोन. थेंब मोजले. मिनिटाला पन्नासच्या वर. डॉक्टरांनी तासाला शंभर मिली सांगितलं होतं, म्हणजे आपल्या साध्या सेटवर मिनिटाला तेहेतीस-चौतीस थेंब. बाबांचं हृदय आधीच थकलेलं. भावाचा हात नळीवरच्या चाकाकडे जाताना दिसला आणि मी ओरडले, हात लावू नकोस, सिस्टरना बोलाव.

आपणही काम वाटूनच देत होतो गं. सगळं नातेवाईकांवर सोडलेलं. रात्र रात्र बाटलीकडे बघत बसलेल्या किती बायका मला आठवतात. त्यांना कुणी शिकवलं नव्हतं, आणि त्यांचं कुणी तपासतही नव्हतं.

वीस मिनिटांनी सिस्टर आल्या. पूर्ण वॉर्डाला एकट्याच असणार. चेहरा दिसला नाही, आवाज आला, थकलेला: "सांगितलं होतं ना, सलाईन संपत आली की सांगा." हेच वाक्य, हाच आवाज, मी आठ वर्षं वापरला होता. त्यांनी चाक फिरवलं आणि पुढच्या खाटेकडे गेल्या. भावाने फोन पुन्हा बाटलीपाशी नेला. "ताई, आता बरोबर आहे का?"

मी पुन्हा मोजायला लागले.