'मिसाइल बोट'ला मराठीत काय म्हणावं?

फिनलंडच्या 'हामिना' वर्गातल्या मिसाइल बोटींवर लेख लिहिणाऱ्या एकाने विचारलंय : यांना 'क्षेपणास्त्रवाहू युद्धनौका' म्हणावं, की आपलं जुनं 'गलबत' कामाला लावावं?

'वाहू' नको. मालवाहू, विमानवाहू यांत वाहणं हीच जहाजाची ओळख असते. क्षेपणास्त्रं विनाशिकेवरही असतात, मग यांचं वेगळेपण ते काय? शिवाय नुसतं 'युद्धनौका' म्हटलं की डोळ्यांपुढे मोठं धूड येतं. हामिना जेमतेम 51 मीटर लांब, अडीचशे टनांची, आणि पाण्याखाली उणीपुरी 1.7 मीटर. पंख्याऐवजी पाण्याचा झोत मागे फेकून पळते. फिनलंडच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर बेटांचा आणि खडकांचा नुसता सडा पडलाय. तिथे बेटाआड दबा धरायचा, क्षेपणास्त्र सोडायचं आणि शत्रूने नेम धरायच्या आत दुसऱ्या बेटामागे पसार व्हायचं. किनाऱ्याला चिकटून असली की रडारलाही नौका कुठली नि खडक कुठला ते चटकन कळत नाही. फिनिशमध्ये हिला 'ओह्युसवेने' म्हणतात. त्यातलं 'वेने' म्हणजे होडी. जहाजाला त्यांचा 'लाइवा' हा वेगळा शब्द आहे.

'मिसाइल बोट' तसंच ठेवायला माझी हरकत नाही. पण मराठी कानाला बोट लहान वाटत नाही. कोकणात जायची ती आगबोट, आणि 'बोट लागायची' तीही तिथेच!

गलबताचा मोह मलाही होतो. मराठा आरमारात गुराब मोठी, तर गलबत हलकं, उथळ पाण्यात शिरणारं, वारा पडला तर वल्ह्यांवर चालणारं. 1679 साली इंग्रजांनी खांदेरीची नाकेबंदी केली, तेव्हा मराठ्यांच्या छोट्या होड्या रात्री त्यांच्या जहाजांना चकवून बेटावर रसद पोचवत होत्या. डावपेच बराचसा तोच. पण आज गलबत म्हटलं की शीड दिसतं. 'क्षेपणास्त्र गलबत' वाचून लोक हसतील.

तेव्हा 'क्षेपणास्त्र नौका'. 4 डिसेंबर 1971च्या रात्री कराचीवर चालून गेलेल्या निर्घात, निपात आणि वीर याच जातीच्या, सोव्हिएत बनावटीच्या. त्या लढाईवरच्या मराठी लेखनात हा शब्द रुळलेलाच आहे. वेगावर भर द्यायचा असेल तर पहिल्या उल्लेखात 'वेगवान' जोडा. 'द्रुतगती' मात्र महामार्गालाच राहू द्या.