उठताना मांडीवर हात टेकणारा भाचा

प्रश्न : डॉक्टर, माझा भाचा साडेचार वर्षांचा आहे, पळताना सारखा पडतो, जिना चढताना कठडा सोडत नाही आणि खाली बसला की पटकन उठताच येत नाही त्याला. घरचे म्हणतात आळशी आहे, पोटऱ्या बघा कशा पैलवानासारख्या. रक्तात एसजीपीटी (लिव्हरसाठी बघतात ते एन्झाइम) खूप वाढलेलं निघालं म्हणून तीन महिने लिव्हरचं औषध चालू आहे, फरक शून्य. आमच्या आईच्या भावाला लहानपणी पोलिओ झालेला, हळूहळू दोन्ही पाय गेले, बाराव्या वर्षी चालणं सुटलं आणि विशीच्या आतच गेला तो. याचा काही संबंध असेल का? - एक मावशी

उत्तर : ताई, मामाचं तुम्ही शेवटी सहज लिहून टाकलंत पण मी तिथेच अडकलो. पोलिओत ताप येतो, दोन-चार दिवसांत पाय लुळा पडतो, बहुतेकदा एकच किंवा एक जास्त एक कमी, आणि मग ते तिथेच थांबतं. चालतं-फिरतं पोर वर्षागणिक दोन्ही पायांनी सारखंच खचत जातं ते प्रकरण वेगळं. त्यात भाच्याचं वाचलं आणि ड्युशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी हेच नाव डोक्यात आलं. आजार स्नायूंचा आहे, पण बघतात न्यूरोलॉजिस्टच, म्हणजे मेंदू-मज्जातंतूंचे डॉक्टर. न तपासता निदान करत नाहीये मी, पण शंका मोठी आहे.

घरी एवढं करा. त्याला जमिनीवर बसवा आणि उठ म्हणा, आधार देऊ नका. आधी ओणवा होतो, पाय फाकवतो, मग हात गुडघ्यावर, मग मांडीवर, असा स्वतःच्याच अंगावर चढत उभा राहतो का? याला गॉवर्स साइन म्हणतात, दुसऱ्या स्नायूंच्या आजारांतही दिसते. मोबाइलवर व्हिडिओ काढून न्या, कारण दवाखान्यात खुर्चीत बसलेलं पोर ठणठणीतच दिसतं. पोटऱ्यांचं म्हणाल तर ते बळ नव्हे, झिजलेल्या स्नायूच्या जागी चरबी आणि तंतू भरतात.

आणि ते एसजीपीटी! ते स्नायूतही असतं, स्नायू फुटले की रक्तात उतरतं, आणि अशी कितीतरी पोरं लिव्हरचे पेशंट म्हणून फिरत राहतात. औषध स्वतःहून बंद करू नका, पण सीपीके (स्नायू फुटले की रक्तात वाढणारं एन्झाइम) करूया का असं डॉक्टरांना सरळ विचारा. साधी रक्ततपासणी आहे, ड्युशेनमध्ये आकडा नॉर्मलच्या 10 ते 100 पट जातो. पुढे रक्तावरूनच जीन टेस्ट होते. पूर्ण बरं करणारं औषध नाही, पण स्टेरॉइड वेळेवर सुरू झालं तर चालणं काही वर्षं जास्त टिकतं, म्हणून घाई करा.

आता तुम्ही न विचारलेलं. हा दोष एक्स क्रोमोसोमवर असतो, आईकडून मुलाकडे येतो, आईला स्वतःला बहुधा काहीच त्रास नसतो, अशा आईला वाहक म्हणतात. साधारण एक तृतीयांश मुलांत तो नव्यानेच तयार होतो, पण तुमच्याकडे मामाची गोष्ट आहे. बहीण वाहक निघाली तर तुम्हीही असू शकता, आणि वाहक बाईच्या प्रत्येक मुलाला आजाराची आणि प्रत्येक मुलीला वाहक होण्याची शक्यता 50 टक्के. भाच्याचा नेमका दोष सापडला की तुमची टेस्ट सोपी होते, मूल व्हायचं असेल तर त्याआधी करून घ्या. वाहक बायकांनी हृदयही तपासून घ्यावं, हे कुणी सांगत नाही. आणि बहिणीला कुणी बोल लावला तर गप्प बसू नका.

प्रश्न : वडिलांचे हात कप उचलला की थरथरतात, आजीचेही थरथरायचे. पार्किन्सन असेल?

उत्तर : हात मांडीवर निवांत असताना थरथरतात का ते बघा. पार्किन्सनची थरथर बहुधा निवांत हातात, एका बाजूने सुरू होते, सोबत हालचाल मंदावते, अक्षर बारीक होतं, चालताना एक हात हलत नाही. काही धरताना, लिहिताना दोन्ही हात थरथरतात आणि घराण्यात आहे म्हणजे इसेन्शियल ट्रेमरची, म्हणजे पार्किन्सनहून वेगळ्या थरथरीच्या आजाराची, शक्यता जास्त, तरी थायरॉइड आणि चालू औषधं तपासून घ्या. थरथर चाळिशीच्या आत सुरू झाली असती तर मी आधी विल्सन नावाच्या आजाराचा विचार केला असता, त्यात शरीरात तांबं साठतं आणि वेळेत कळलं तर औषधाने आटोक्यात येतं.