वाचकांचे प्रश्न : खांब फाल्कन हॉलचे, नकाशे बार्थोलोम्यूंचे

प्रश्न : जुन्या बाजारात मला मुंबई इलाख्याचा एक सुटा नकाशा मिळाला. एखाद्या अ‍ॅटलासमधून निसटलेले पान असावे. खाली बारीक अक्षरात ‘एडिंबरा जिऑग्राफिकल इन्स्टिट्यूट’ आणि ‘बार्थोलोम्यू’ अशी नावे आहेत. माझी भाची एडिंबराला शिकते. तिला सांगितले, तर ती डंकन स्ट्रीटवर जाऊन बघून आली. म्हणाली, ही नकाशांची कंपनी होती, तिची इमारत अजून उभी आहे, पुढे भलेमोठे खांब आहेत, पण आत आता फ्लॅट झालेत. या इमारतीचा इतिहास सांगाल का? माझा नकाशा तिथेच छापला असेल का? फोटो सोबत पाठवते.
– एक वाचक, सदाशिव पेठ

उत्तर : दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण ते तुमच्या नकाशातच आहे. फोटो मोठा करून पंढरपूर शोधा. कुर्डुवाडीकडून आलेली बार्शी लाइट रेल्वे पंढरपूरला येऊन संपली आहे. पंढरपूरला ही गाडी १९०६ मध्ये आली. तिथून पुढे मिरजेपर्यंत रूळ पडायला १९२७ उजाडले. वर लातूरकडेही रेषा पोहोचलेली नाही, आणि लातूरला रेल्वे आली १९११ मध्ये. म्हणजे नकाशा या पाच वर्षांतला. ब्रिटिश मुलूख गुलाबी आणि भोर, सांगली, कोल्हापूर ही संस्थाने पिवळी, हे पाहून माझी खात्री झाली : ‘इम्पीरियल गॅझेटियर ऑफ इंडिया’चा २६ वा खंड म्हणजे अ‍ॅटलास, त्यातलेच हे पान. तो खंड १९०९ चा. डंकन स्ट्रीटची इमारत १९११ ची. तेव्हा तुमचा नकाशा त्या खांबांमागे तयार झालेला नाही. तो कंपनीच्या आधीच्या, पार्क रोडवरच्या जागेतला. ‘इन्स्टिट्यूट’ वाचून अनेकांना ते सरकारी खाते किंवा कॉलेज वाटते. तसे काही नव्हते. जॉन बार्थोलोम्यू अँड सन या घरच्या कंपनीने आपल्या कचेरी-छापखान्याला दिलेले ते नाव.

घराणे मूळचे ताम्रपटावर नकाशे कोरणाऱ्यांचे. धंद्याची सुरुवात १८२६ ची मानतात. मैदानांना हिरव्या छटा आणि डोंगर चढत जाईल तशा तपकिरी, ही आपण शाळेपासून पाहिलेली पद्धत लोकांच्या अंगवळणी पाडली ती याच घराण्याने. मी इतकी वर्षे भूगोल शिकवला, सह्याद्रीचा कडा मुलांना फळ्यावर कधी दाखवता आला नाही. असा रंगीत नकाशा भिंतीवर टांगला, की कोकणाची हिरवी पट्टी संपते तिथे मुलांचे बोट आपोआप थांबायचे.

आता इमारत. तिचे खांब तिच्यापेक्षा जवळजवळ शंभर वर्षांनी जुने आहेत. एडिंबराच्या मॉर्निंगसाइड भागात अठराव्या शतकाच्या अखेरीस बांधलेले एक मोठे घर होते. पुढे ते अलेक्झांडर फाल्कनर यांनी घेतले आणि १८१५ च्या सुमारास वाढवून त्याला खांबांची भारदस्त दर्शनी बाजू दिली. हे काम थॉमस हॅमिल्टन या वास्तुकाराचे मानले जाते. घराचे नाव पडले फाल्कन हॉल, आणि फाटकाच्या खांबांवर दगडी ससाणे बसले. हे फाल्कनर मद्रासला ईस्ट इंडिया कंपनीच्या राजवटीत मोठ्या हुद्द्यावर नोकरी करून परतलेले गृहस्थ. एकोणिसाव्या शतकाअखेरीला त्याच घरात राहायला आले जॉन जॉर्ज बार्थोलोम्यू, म्हणजे तुमच्या नकाशावरचे बार्थोलोम्यू. १९०९ मध्ये घर पाडले गेले. जॉन जॉर्ज यांनी दर्शनी भागाचे दगड वाया जाऊ दिले नाहीत; डंकन स्ट्रीटवर नवी कचेरी आणि छापखाना उभा राहत होता, त्याच्या तोंडाशी ते पुन्हा रचून घेतले. ससाणे गेले एडिंबराच्या प्राणिसंग्रहालयाच्या फाटकावर. मद्रासहून परतलेल्या अधिकाऱ्याचे खांब, आणि त्यांच्या मागे हिंदुस्थानच्या त्याच अ‍ॅटलासची १९३१ ची सुधारित आवृत्ती : हा योगायोग मला त्या इमारतीच्या रेखीवपणापेक्षा मोठा वाटतो.

कसब्यातला आमचा वाडा पाडला तेव्हा सागवानी खांब, तुळया आणि दिंडी दरवाजा ठेकेदाराने ट्रकवर घातले. ते आज कुठल्या हॉटेलात उभे आहेत कोण जाणे. पुण्यात असे शेकडो खांब फिरत असतील. फाल्कन हॉलचे खांब कुठून आले हे शंभर वर्षांनंतरही सांगता येते, कारण कुणीतरी ते लिहून ठेवले. आपल्याकडे वाडा पाडताना निदान चार फोटो आणि एक टिपण तरी ठेवावे, असे मी भेटेल त्याला सांगत असतो.

पुढचे थोडक्यात. १९८० मध्ये कंपनी रीडर्स डायजेस्टकडे गेली, १९८५ मध्ये न्यूज इंटरनॅशनलकडे, १९८९ मध्ये कॉलिन्स प्रकाशनाला जोडली गेली. १९९५ मध्ये डंकन स्ट्रीटची कचेरी बंद झाली आणि मग तिथे घरे झाली. ‘कॉलिन्स बार्थोलोम्यू’ हे नाव नकाशांवर अजून दिसते. कंपनीचे दप्तर मात्र स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयात जपले आहे : पत्रव्यवहार, हिशेब, कोरलेले ताम्रपट, शिवाय छापून बाहेर पडलेल्या कामांच्या प्रती डकवलेल्या जाडजूड वह्या. भाचीला सवड असेल तर तिने तिथे जरूर जावे. १९०९ च्या आसपासच्या वहीत तुमच्या पानाचे भावंड सापडण्याची बरीच शक्यता आहे.

तुमच्या पानाबद्दल दोन गोष्टी सांगायलाच हव्यात. फोटोत भोरच्या पिवळ्या रंगाची कड हद्दीच्या रेषेबाहेर किंचित सरकलेली दिसते. तो डाग नाही, पुसायला जाऊ नका. प्रत्येक रंगाचा छाप वेगळा घेत. कागद केसभर हलला की असे होई. आणि घडीवर फाटले आहे तिथे सेलोटेप लावू नका, लॅमिनेशन तर मुळीच नको, एकदा केले की ते सुटत नाही. मागून पातळ जपानी कागद आणि गव्हाच्या खळीचा हात द्यायचा, तोही जुनी पोथी-पुस्तके दुरुस्त करणाऱ्या माणसाकडून. फ्रेम केलीत तर ऊन येणाऱ्या भिंतीवर टांगू नका. तो गुलाबी रंग उन्हाने उडतो.